ट्यून केलेल्या डिझेल पिकअपला ट्रेलर ओढायचाय? क्लच घेताना आधी रिव्हर्सचा हिशेब करा

डॉज रॅम या अमेरिकन पिकअपचं ५.९ किंवा ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन, त्यावर ताकद वाढवणारा ट्यूनर, मागे पाच-सहा टनांचा ट्रेलर आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. अशा गाडीत सगळ्यात आधी हात टेकतो तो क्लच. मग नवा क्लच शोधताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, तो म्हणजे किट किती हॉर्सपॉवरचं आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा क्लच मात्र हॉर्सपॉवरने क्वचितच मरतो. तो मरतो चढावर ट्रेलर मागे लावताना, हाफ क्लचवर, ताशी दोन किलोमीटरच्या वेगाने.

इथे तुलना केली आहे ती बाजारात मिळणाऱ्या क्लचच्या पाच प्रकारांची. निकाल आधीच सांगतो. ट्यूननंतर इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ७०० फूट-पाउंडच्या आत असेल तर १३ इंची सिंगल प्लेट, तिचं लायनिंग (घासणारा थर) ऑरगॅनिक किंवा ऑरगॅनिक-केव्हलार. त्याच्या वर गेलात आणि नेहमी ओढायचं असेल, तर स्प्रिंग असलेल्या हबची (प्लेटच्या मधल्या भागाची) ऑरगॅनिक डबल प्लेट. सिरॅमिक बटणांचा क्लच ट्रेलरच्या गाडीला घालू नये, मग तो कितीही स्वस्तात मिळो.

कंपनीचा क्लच का पुरत नाही

२००१-०२ च्या हाय आउटपुट २४ व्हॉल्व्ह इंजिनाचा टॉर्क ५०५ फूट-पाउंड होता. २००३ ला तो ५५५ झाला, २००४ च्या मध्यात ६०० आणि नंतर ६१०. ६.७ लिटरच्या मॅन्युअल गाडीला सुरुवातीला ६१० आणि २०१३ पासून ६६०. आता हे बघा: २०१८ साली, म्हणजे रॅमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या वर्षी, ३५०० मॉडेलच्या ऑटोमॅटिकमध्ये त्याच ६.७ लिटरचं इंजिन ९३० फूट-पाउंड देत होतं आणि मॅन्युअलमध्ये ६६०. मॅन्युअलवाल्यांना ताकद जाणूनबुजून कमी दिली होती. ट्यूनरने तुम्ही ती ऑटोमॅटिकच्या बरोबरीला आणलीत की क्लचवर थेट ४० टक्के जादा भार पडतो. मूळ क्लच ६६० साठी थोडी राखीव पकड ठेवून बनवलेला असतो, ९३० साठी नाही.

घसरण पहिल्यांदा दिसते तीही ठरलेल्या जागी. वरचा गिअर, १,६०० ते २,००० आरपीएम, लांब चढ, टर्बोचं प्रेशर पूर्ण चढलेलं. खालच्या गिअरमध्ये आरपीएम झटकन पुढे पळतात, त्यामुळे इंजिन पूर्ण टॉर्कवर फार वेळ राहत नाही. वरच्या गिअरमध्ये ते तिथे मिनिट मिनिट अडकून राहतं. म्हणून तपासणी करायची ती पाचव्या किंवा सहाव्या गिअरमध्ये, १,५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आरपीएमचा काटा वेगाच्या काट्याला सोडून एकटा वर गेला, तर क्लच सरकतोय. काटा दोनशेने उडाला आणि परत बसला, तरी त्याला सरकणंच म्हणायचं.

किटवरचा आकडा कसा वाचायचा

क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते: लायनिंगचा घर्षण गुणांक, प्रेशरप्लेटचा (क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीचा) दाब, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. चारींचा गुणाकार केला की पकड मिळते. उदाहरणादाखल १३ इंची सिंगल प्लेट घ्या: गुणांक ०.३०, दाब १४,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या १३ सेंटिमीटर, पृष्ठभाग दोन. गुणाकार येतो जवळपास १,०९० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ८०० फूट-पाउंड.

खोक्यावर हाच आकडा छापलेला असतो. तो थंड क्लचचा असतो. लायनिंग तापून गुणांक ०.२२ वर आला की तोच क्लच ८०० न्यूटन-मीटरवर, म्हणजे ५९० फूट-पाउंडवर येतो. ७०० फूट-पाउंडच्या ट्यूनला सकाळी घट्ट धरणारा क्लच घाटाच्या पायथ्याशी दोनदा रिव्हर्स मारल्यावर घाटात सरकतो, त्याचं कारण हे.

आता डबल प्लेट. दाब थोडा कमी, १२,००० न्यूटन. प्लेटा लहान, त्रिज्या साडेअकरा सेंटिमीटर. पृष्ठभाग मात्र चार. गुणाकार १,६५० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो, म्हणजे १,२०० फूट-पाउंडच्या वर. तापून ०.२२ वर आला तरी जवळपास ९०० फूट-पाउंड हातात राहतात. पेडल फार कडक न करता पकड वाढवण्याचा खरा मार्ग हा आहे. सिंगल प्लेटमध्ये तेवढीच पकड हवी असेल तर एकतर दाब दीडपट करावा लागतो, नाहीतर सिरॅमिक लावावं लागतं. दोन्हींची किंमत नंतर मोजावी लागते.

छापील आकडा इंजिनच्या शाफ्टवरचा आहे की डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाकाशी मोजलेला, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. दोन्हींत साधारण १५ टक्के फरक पडतो. चाकाशी ७०० दाखवणारी गाडी इंजिनपाशी ८०० च्या पुढे असते. नेहमी ओढणाऱ्या गाडीला ट्यूनच्या वर ३० टक्के तरी राखीव धरावी. ट्यूनरमध्ये पाच पातळ्या असतील तर हिशेब सगळ्यात वरच्या पातळीचा करा, किंवा ती पातळी कुलूपबंद करून ठेवा. "ती कधीतरीच वापरतो" हे क्लचला कळत नाही.

उष्णतेचा हिशेब, जो कोणी करत नाही

गाडी आणि ट्रेलर मिळून नऊ टन धरू. एनव्ही ५६०० गिअरबॉक्सचा पहिला गिअर ५.६३, मागचा ॲक्सल ३.७३. पहिल्या गिअरमध्ये ८०० आरपीएमवर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडी ताशी साडेपाच किलोमीटरला पोचते. सपाटीवर या एका स्टार्टमध्ये क्लचमध्ये जवळपास ११ किलोज्यूल उष्णता तयार होते. तोच स्टार्ट १,६०० आरपीएमवर घेतला तर ४४, म्हणजे चौपट. "चढ नाहीये, दुसऱ्यातच उचलतो" म्हणून ३.३८ च्या दुसऱ्या गिअरमध्ये ८०० वर उचलली तर ३०. दुसरा गिअर आणि १,६०० आरपीएम दोन्ही एकत्र झाले तर १२० च्या वर. गाडी तीच, ट्रेलर तोच, फक्त पायाच्या सवयीने अकरापट फरक.

मोठे टायर लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. ३१.६ इंची मूळ टायरच्या जागी ३५ इंची आला की गिअरिंग ११ टक्क्यांनी उंच होतं आणि प्रत्येक स्टार्टची उष्णता २२ टक्क्यांनी वाढते. टायर बदलल्यावर ॲक्सल ४.१० चा केला तर हा फटका जवळपास भरून निघतो. क्लचवर जादा खर्च करण्याआधी या कामाचा विचार व्हायला हवा.

आता रिव्हर्स. आठ टक्क्यांच्या चढावर नऊ टन मागे सरकवायचे आहेत, ताशी दोन किलोमीटरने, कारण ट्रेलर वाकडा होत जातो आणि त्याहून वेगाने स्टिअरिंग सांभाळता येत नाही. इंजिन १,००० आरपीएमवर, गिअरबॉक्सचा शाफ्ट तीनशेच्या खाली. उरलेला फरक क्लच गिळतो. हे सुमारे साडेबारा किलोवॉट होतात: दोन किलोवॉटचे सहा हीटर बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, लावल्यासारखे. तीस सेकंद असं केलं की ३७५ किलोज्यूल. सपाटीवरचे चौतीस स्टार्ट एका दमात.

यातली निम्मी उष्णता फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरच्या जड चाकात जाते, निम्मी प्रेशरप्लेटमध्ये. फ्लायव्हील जाडजूड असतं, सोसतं. प्रेशरप्लेटची कडी सहा किलोची धरली तर तिचं तापमान एका प्रयत्नात साठ अंशांनी वर जातं. ट्रेलर नीट लागला नाही, पुढे घेतला, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. तीन प्रयत्नांत जवळपास १९० अंश, आणि बेलहाउसिंगमधली हवा आधीच ८०-९० वर. साधं ऑरगॅनिक लायनिंग २०० ते २५० अंशांच्या पुढे पकड सोडू लागतं. जळका वास येतो तो याच वेळी.

गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर यावर बिनखर्चाचा एक उपाय गाडीतच असतो: ट्रान्सफर केसची (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची) लो रेंज. या रॅमच्या ट्रान्सफर केसचा लो २.७२ आहे. लोमध्ये रिव्हर्स टाकून क्लच पूर्ण सोडला, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तर ८०० आरपीएमच्या आयडलवर गाडी ताशी बरोबर दोन किलोमीटरने मागे सरकते. हाफ क्लच शून्य. चार चाकांचं जोडणं मात्र कोरड्या डांबरावर वळताना गिअरट्रेनला पीळ घालतं, म्हणून पुढची चाकं मोकळी करता येतील अशी सोय हवी: लॉकिंग हब, किंवा ज्या जुन्या रॅममध्ये पुढच्या ॲक्सलला डिस्कनेक्ट आहे तिथे तो बंद ठेवून. खडीवर, मातीवर तसाच वापरला तरी चालतो. ज्याची रोजची गाडी चढावरच्या आवारात लागते, त्याने क्लचच्या आधी हब घ्यावेत.

पाच प्रकार, एकेक

साधी ऑरगॅनिक सिंगल प्लेट. उचल मऊ, हाफ क्लचला सहनशील, फ्लायव्हीलला सौम्य. थोडी जास्त तापली तर थंड झाल्यावर बरीचशी पकड परत येते, आणि ट्रेलरवाल्यासाठी या गुणाला मोल आहे. मर्यादा म्हणजे गरम असताना पकड पातळ होते. मूळ टॉर्क किंवा थोडा वाढवलेला, १३ इंची प्लेट आणि जादा दाबाची प्रेशरप्लेट असेल, तर हा क्लच पुरतो.

ऑरगॅनिक-केव्हलार. एका बाजूला ऑरगॅनिक, दुसऱ्या बाजूला केव्हलार. साउथ बेंड या क्लच कंपनीच्या किटच्या क्रमांकामागे ओके लिहिलेलं असतं ते हेच. केव्हलार झिजतं हळू आणि फ्लायव्हीलला ओरखडत नाही. पण नीट रुळवल्याशिवाय ते पकडत नाही, आणि एकदा चकाकी धरेपर्यंत जाळलं की ऑरगॅनिकसारखं परत येत नाही. ज्याचा पाय हलका आहे त्याला हे बरीच वर्षं साथ देतं. गाडी चार जणांच्या हातात फिरत असेल तर साधं ऑरगॅनिक बरं.

ऑरगॅनिक आणि धातुमिश्रित बटणांची जोड. साउथ बेंड याला ओएफई म्हणतं: एका बाजूला ऑरगॅनिक, दुसऱ्या बाजूला फेरॅमिक, म्हणजे तीच बटणं. सिंगल प्लेटमध्ये जास्तीत जास्त पकड हवी असेल तर ही मधली वाट. गरम झाल्यावरही बटणांची बाजू धरून ठेवते. उचलताना थोडा थरकाप येतो, थंडीत सकाळी जास्त. महामार्गावर लांब ओढणाऱ्याला आणि रिव्हर्स कमी करणाऱ्याला चालेल. रोज अरुंद जागेत ट्रेलर लावणाऱ्याला कंटाळा येईल.

पूर्ण सिरॅमिक. गुणांक जास्त, उष्णता सोसण्याची ताकद जास्त, म्हणून कागदावर हाच सगळ्यात चांगला दिसतो. ट्रेलरच्या कामात मात्र त्याची अडचण उचलीत आहे. तो हळूहळू पकडत नाही, एकदम चावतो. गाडी उड्या मारते, चालक त्या टाळायला आरपीएम वाढवतो, आणि मघाशी बघितलेली चौपट उष्णता तिथेच तयार होते. लायनिंगला काही होत नाही, ती उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशरप्लेट झेलतात: निळे डाग, केसासारख्या बारीक भेगा, मग पृष्ठभाग लाटेसारखा. त्याशिवाय प्रत्येक झटका यू-जॉइंट, ॲक्सल आणि हिचपर्यंत जातो. सिरॅमिक जड वजन खेचण्याच्या शर्यतीसाठी आहे, तिथेच ठेवावं.

ऑरगॅनिक डबल प्लेट. ७०० फूट-पाउंडच्या पुढे, नेहमी जड ओढणाऱ्यासाठी आमची निवड हीच. साउथ बेंड आणि व्हॅलेअर दोघंही बनवतात. चार पृष्ठभागांमुळे पकड मिळते, मधल्या फ्लोटर प्लेटमुळे उष्णता सोसायला जादा लोखंड मिळतं, आणि लायनिंग ऑरगॅनिक असल्याने उचल मऊ राहते. घेताना दोन गोष्टी डोळ्यांनी बघून घ्या. हबमध्ये स्प्रिंग आहेत ना? आणि फ्लोटर पट्ट्यांनी बांधलेला आहे की खाचांमध्ये मोकळा? मोकळा असेल तर पेडल दाबून उभं राहिलं की बेलहाउसिंगमधून डब्यात खिळे हलवल्यासारखा खुळखुळाट येतो. त्याने बिघाड होत नाही, पण रोज ऐकायचा असतो. बिनस्प्रिंगचा हब मात्र ट्रेलरच्या गाडीला नकोच. डिझेलचे कमी आरपीएमवरचे धक्के मग थेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर जातात.

डबल प्लेटचा तोटाही सांगायला हवा. दोन प्लेटा म्हणजे शाफ्टवर फिरणारं वजन जास्त, म्हणून गिअर बदलताना सिंक्रोनायझरला थोडा वेळ द्यावा लागतो. घाईने ओढलेला गिअर खरखरतो. ज्याला ही सवय लावून घ्यायची नाही, त्याने ट्यून खाली आणून सिंगलवर राहावं.

फ्लायव्हील

जी ५६ गिअरबॉक्सच्या रॅमला (२००५ च्या मध्यापासून २०१८) कंपनीकडून ड्युअल मास फ्लायव्हील येतं. फोर्ड आणि जीएमच्या झेडएफ सहा गिअरवाल्या डिझेल पिकअपमध्येही तेच. दोन तुकड्यांच्या मधल्या स्प्रिंगा इंजिनचे धक्के गिळतात. टॉर्क वाढला की या स्प्रिंगा आपटतात, खेळ वाढतो, आणि एक दिवस आयडलवर ठकठक सुरू होते. ते लेथवर घासून वापरण्याजोगं नसतं. जोरदार किटसोबत अखंड फ्लायव्हील येतं आणि ते घ्यावंच.

अखंड फ्लायव्हील लावल्यावर जी ५६ न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना, खडखडते. पेडल दाबलं की आवाज बंद. हा गिअरच्या दातांमधला खेळ आहे, बेअरिंगचा आवाज नव्हे. अनेक जण घाबरून गिअरबॉक्स उतरवतात. जी ५६ मध्ये कंपनी एटीएफ+४ हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल भरते, जे पातळ आहे. मॅन्युअल गिअरबॉक्ससाठीचं जाड सिंथेटिक तेल भरलं आणि आयडल पन्नास-शंभरने वाढवलं की आवाज बराच खाली येतो. सगळा जात नाही. गिअरमध्ये चालताना, भाराखाली किंवा सोडल्यावर आवाज येत असेल, तर मात्र तो वेगळा विषय आहे आणि इनपुट बेअरिंग बघावं लागेल.

जुनं अखंड फ्लायव्हील परत वापरायचं असेल तर ते घासून सपाट करून घ्या आणि बसवल्यावर डायल गेज (डगमग मोजणारं यंत्र) लावून फिरवून बघा. फ्लायव्हील नीट बसलं नसेल, किंवा क्रँकच्या तोंडावर गंजाचा कण राहिला असेल, तर काटा सांगतो. निळे डाग घासून गेले तरी तिथलं लोखंड कडक झालेलं असतं, ते नंतर उंचवटे बनून पुन्हा वर येतं आणि थरकाप सुरू होतो. खोल निळं असेल तर नवंच घ्या.

एनव्ही ४५०० वाल्यांनी इनपुट शाफ्ट मोजून घ्यावा. मूळचा सव्वा इंची आहे. जास्त टॉर्कसाठी एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचा घालता येतो, आणि मग प्लेटचा हब व पायलट बेअरिंगही त्या मापाचं लागतं. किट मागवताना ही चूक झाली की गिअरबॉक्स खाली उतरलेला, गाडी स्टँडवर आणि हातात न बसणारी प्लेट.

पेडलपासून फोर्कपर्यंत

डबल प्लेट लावली आणि "क्लच सुटत नाही, गिअर अडकतो" अशी तक्रार आली, तर दहापैकी बहुतेक वेळा दोष हायड्रॉलिकमध्ये निघतो. प्रत्येक पृष्ठभाग मोकळा व्हायला पाव ते अर्धा मिलिमीटर जागा लागते. दोन पृष्ठभागांऐवजी चार झाले की प्रेशरप्लेटला जवळपास दुप्पट उचलावं लागतं. पेडलशी जोडलेला जुना मास्टर सिलिंडर, आतून झिजलेलं सील, मऊ झालेला होज, यांनी दोन-तीन मिलिमीटर खाल्ले की क्लच सोडवणाऱ्या फोर्कला ढकलणारा स्लेव्ह सिलिंडरचा दांडा कमी पडतो. सिंगल प्लेटमध्ये हे लपून जातं, डबलमध्ये उघडं पडतं.

म्हणून नव्या क्लचसोबत मास्टर, स्लेव्ह आणि नळी नवी टाका. जादा दाबाच्या किटसाठी मोठ्या बोअरचा मास्टर येतो, तो किट बनवणाऱ्याने सुचवला असेल तरच घ्या, कारण गरजेपेक्षा जास्त ढकललं तर प्रेशरप्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं वाकतात. आणखी एक तपासा: कोणाला तरी पेडल दाबायला सांगून मास्टर जिथे बसतो तिथला पत्रा बघा. पत्रा वाकताना दिसला तर तेवढी हालचाल फोर्कपर्यंत पोचत नाहीये. मागून पट्टी लावून तो घट्ट करावा लागतो.

बसवताना जिथे चुकतं

क्लच बिघडल्याच्या कितीतरी तक्रारी खरं तर बसवणीच्या असतात. सगळ्यात मोठी चूक गिअरबॉक्स लोंबकळू देण्याची. एनव्ही ५६०० बिडाच्या खोक्याचा, दीडशे किलोच्या वर. शाफ्ट प्लेटच्या हबमध्ये शिरलाय, मागची बाजू जॅकवरून सुटली आणि सगळा भार हबवर आला, तर प्लेट त्या क्षणी वाकते. बाहेरून काही दिसत नाही. गाडी जोडली, पेडल दाबलं, क्लच सुटत नाही. मग हायड्रॉलिकला दोष, मग किटला दोष. गिअरबॉक्स जॅकवर बेलहाउसिंगला समांतर आणून हाताने ढकलल्यावर शेवटपर्यंत जायला हवा. अडला तर बोल्टने ओढून घ्यायचा नाही. बाहेर काढा, मध्य पुन्हा जुळवा.

प्लेटची बाजू बघा. फ्लायव्हीलकडची बाजू असं त्यावर छापलेलं असतं. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो. डबलमध्ये दोन प्लेटा वेगवेगळ्या असतात आणि फ्लोटरलाही दिशा असते, म्हणून खोक्यातून काढतानाच मोबाइलने क्रमाचा फोटो घेऊन ठेवा. प्रेशरप्लेटचे बोल्ट समोरासमोर, एकेका फेरीत दोन-दोन आटे, शेवटी पुस्तिकेतल्या टॉर्कला. एका बाजूने आवळत नेले तर कव्हर वाकतं.

नव्या फ्लायव्हीलवर गंज न धरावा म्हणून तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने पांढऱ्या फडक्याला काळं लागेनासं होईपर्यंत पुसा. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी चिमूटभर, आणि उरलेलं पुसून. जास्त लावलं की फिरताना उडून लायनिंगवर जातं. क्रँकचं मागचं सील जराही ओलं दिसलं तर आत्ताच बदला. त्याच सीलच्या थेंबाने नवी प्लेट महिन्याभरात थरथरू लागते. पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फोर्क आणि त्याचा पिव्हट जुने परत घालू नका. पिव्हटवर खड्डा पडलेला असतो आणि तो खड्डा म्हणजे पेडलचा गेलेला प्रवास.

पहिले आठशे किलोमीटर

रुळवण्याचा काळ साधारण ८०० किलोमीटरचा धरतात, पण महत्त्व किलोमीटरला नाही, क्लच किती वेळा सुटला-जुळला याला आहे. महामार्गावर एका गिअरमध्ये ८०० किलोमीटर मारून आलात तर क्लच रुळलाच नाही. गर्दीच्या रस्त्यावर, ट्रेलर न जोडता, ट्यूनर मूळ पातळीवर ठेवून चालवा. केव्हलारला हा काळ थोडा जास्तच द्या. या काळात पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन "बघू तरी किती धरतो" असं केलं की लायनिंगचा फक्त उंच भाग टेकतो, तिथेच तापतो, तिथेच चकाकतो, आणि क्लच आयुष्यभर अर्ध्या पृष्ठभागावर काम करतो.

पुढची सवय: सिग्नलला न्यूट्रल करून पेडल सोडा. जादा दाबाच्या क्लचमध्ये दाबलेलं पेडल रिलीज बेअरिंगला आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला सतत ढकलत असतं. चढावर उभं राहताना हाफ क्लचवर गाडी धरू नये, ब्रेक त्यासाठीच आहे. आणि १,२०० आरपीएमच्या खाली वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून ओढू नये. ट्यून केलेलं डिझेल तिथे दाबाने नव्हे तर ठोक्यांनी टॉर्क देतं, आणि प्लेटच्या हबमधल्या स्प्रिंगा तिथेच तुटतात. ट्यून करणाऱ्याला सांगून १,५०० आरपीएमच्या खालचं इंधन थोडं कमी करून घेता येतं. ओढताना त्याची उणीव जाणवत नाही.

ट्रेलर लावताना वास आलाच तर लगेच इंजिन बंद करू नका. न्यूट्रलमध्ये, पेडल सोडून, आयडलवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. फ्लायव्हील आणि कव्हर फिरत राहिले की बेलहाउसिंगमधली हवा हलते आणि सगळीकडून सारखं थंड होतं. गाडी बंद करून पेडल सोडलं तर तापलेली प्रेशरप्लेट प्लेटला एकाच जागी दाबून बसते, आणि पुढच्या वेळी उचलताना तिथेच थरथरते.